वारसाची पट्टी

टपालाच्या फटीवरची पितळी झडप खट्कन वाजली आणि इशबेलच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली.

आधी तिने आतल्या खोलीकडे कान दिला. मार्सली उठली नव्हती. पाच वर्षांची पोर एरवी दिवसा डोळा मिटत नसे. रात्र खोकल्यात गेली म्हणून आज न्याहारीनंतर पुन्हा आडवी झाली होती. असे चोरलेले तास इशबेलला आठवड्यातून एखाद-दोन मिळत आणि ते ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून घालवी. आज एका कॅनेडियन माणसाच्या खांद्यावर गोंदायची गाठींची वेल चालली होती. एकच रेघ. ती स्वतःच्याच वरून जाते, मग खालून, पुन्हा वरून, आणि जिथे सुरू झाली तिथे येऊन मिळते. एकदा जरी वर-खालचा क्रम चुकला तरी सगळी वेल पुसून पहिल्यापासून काढावी लागते. म्हणून मधेच उठायची वेळ आली की थांबल्या जागी ती एक बारीकशी फुली करून ठेवी.

फुली करून ती दाराशी गेली.

पत्र इस्टेटीच्या कचेरीचं होतं. समुद्राकाठची सहाही घरं विकायला काढली आहेत. सुट्टीसाठी येणाऱ्या लोकांना ती हवी आहेत. तरी इशबेलबाईंनी मार्टिनमसच्या आत, म्हणजे अकरा नोव्हेंबरच्या आत, घर मोकळं करून किल्ली कचेरीत द्यावी. खाली सही होती: लॅकलन गिलक्रिस्ट, आर्डव्हेनकर. त्यातल्या ‘आर्डव्हेनकर’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढलेली होती.

सप्टेंबरचा पहिला आठवडा होता. लॅकलनचा म्हातारा बाप जाऊन पुरते बारा दिवस झाले नव्हते.

आर्डव्हेन म्हणजे स्कॉटलंडमधल्या किंटायरच्या पूर्व किनाऱ्यावरची सहा घरं, एक दुकान, छप्पर उडालेलं एक जुनं प्रार्थनाघर आणि वर टेकडीवर, झाडांच्या आड, गिलक्रिस्टांचा करडा वाडा. समोर पाणी, पाण्यापलीकडे आरनचे डोंगर. कॅम्पबेलटाउनची बस दिवसातून दोनदा. मार्सलीच्या बापाने ग्लासगोत दुसरा संसार थाटला तेव्हा इशबेल दोन वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन इथे आली होती. त्या दिवशी म्हातारा टॉर्क्विल गिलक्रिस्ट स्वतः दारात येऊन उभा राहिला. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं नाही, की तिला ‘ये, बस’ म्हटलं नाही.

“छप्पर गळतं?”

“नाही.”

“मग राहा. जोवर मी आर्डव्हेन आहे तोवर तुला इथून कुणी हलवणार नाही.”

त्यात माया नव्हती. आपल्या कुंपणाबद्दल बोलावं तसं तो बोलला होता. त्याने आयुष्यात काही विकलं नाही, काही कुणाला दिलं नाही. वाळूत कुजत पडलेल्या एका होडीची फळीसुद्धा तो कुणाला सरपणासाठी उचलू देत नसे. पण शब्द दिला तो दिला. त्याला कुणी नावाने हाक मारत नसे; जमीन ज्याची तिचंच नाव त्याचं. ‘आर्डव्हेन आला’, ‘आर्डव्हेनला विचार’. आणि आता तो प्रार्थनाघराच्या अंगणात सहा फूट खाली होता, म्हणजे शब्दही त्याच्याबरोबर गेला.

“त्या लॅकलनला कुणी आर्डव्हेन म्हणत नाही ना, म्हणून जळफळाट,” शेजारची फ्लोरीआजी म्हणाली. सत्तरीची ही बाई आठवड्यातून दोनदा वाड्यावर झाडलोट करायला जाई आणि उरलेला आठवडा तिथलं सांगण्यात घालवी. “दुकानात गेला. म्हणाला, आर्डव्हेनच्या नावावर लिहा. तर दुकानदारीण म्हणते, ‘आर्डव्हेन गेले हो, लॅकलन. तुला काय हवंय?’ लाल झाला नुसता. बिस्किटं तिथंच टाकून गेला.”

“तुम्ही हसताय, आजी. मला घर सोडायला लावलंय त्याने.”

“मलाही लावलंय की. मी रडून काय करू? माझ्याजवळ पोर नाही, काही नाही. माझं सामान एका ढकलगाडीत बसेल.” मग ती पाटीवर काहीतरी गिरवत बसलेल्या मार्सलीकडे बघून म्हणाली, “तुझं नाही बसायचं.”

*

चौथ्या दिवशी सकाळी लॅकलन स्वतः आला. चोपन्न वर्षांचा, रुंद खांद्यांचा, कायम कुणीतरी आत्ताच अपमान केल्यासारखा चेहरा. समोरच्या खोलीत त्याने भिंतीवरचे नमुने पाहिले, वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकासाठी ठेवलेली उंच पाठीची खुर्ची पाहिली, आणि नाक फेंदारलं.

“ती गोंदणारी तूच ना?”

“मीच. आणि ते नोटिशीवाले तुम्हीच ना?”

तो हसला. “जीभ बरी आहे. हातही तसाच असेल तर काम होईल.” त्याने डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारली. “आर्डव्हेनची होडीची ढाल. इथे. भोवती थडग्यावरची वेल. आणि पट्टी नको.”

पट्टीचं सांगायला हवं. इशबेल ते दर उन्हाळ्यात निदान पन्नास परदेशी पाहुण्यांना सांगे आणि दर वेळी त्यांची तोंडं उतरत. त्यांना वाटे, ढालीचं हे निशाण आडनावासारखं सगळ्या घराण्याचं असतं. तसं नाही. ढाल एका वेळी एकाच माणसाची. घराण्याच्या धन्याची. त्याच्या थोरल्या मुलाला तीच ढाल लावता येते, पण तिच्या माथ्यावर एक आडवी पट्टी काढून, त्या पट्टीला खाली लोंबणारे तीन दाते काढून. पट्टीचा अर्थ एवढाच: बाप अजून बसलेला आहे. ज्या दिवशी बाप जातो त्या दिवशी पट्टी उतरते.

लॅकलनच्या करंगळीत सोन्याची अंगठी होती. तिच्यावर ढाल कोरलेली होती आणि ढालीचा माथा कानशीने घासून काढलेला होता. ओरखडे ताजे होते.

“चोपन्न वर्षं हे दाताळं डोक्यावर घेऊन फिरलोय,” तो म्हणाला. “पत्रावर दाताळं, चमच्यावर दाताळं, अंगठीवर दाताळं. अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होईपर्यंत बसला म्हातारा. आता माझ्या कातड्यावर ढाल हवी, कोरी.”

“वडील गेले की पट्टी नसतेच. चुकीचं काही नाही. मी होते मातीला.”

“मीही होतो,” लॅकलन म्हणाला. “खात्री करून घ्यायला.”

इशबेलने विचारलं, “आणि नोटिशीचं?”

“आधी काम बघतो.”

त्या दुपारी ती मार्सलीला घेऊन प्रार्थनाघराकडे गेली. जुने कोरीव दगड तिथे लोखंडी कठड्याआड ओळीने निजवलेले आहेत. तिने त्यातल्या सगळ्यात रुंद दगडावर कागद पसरला आणि मेणाची कांडी फिरवायला लागली. हळूहळू कागदावर उमटलं ते असं: शीड गुंडाळलेली होडी, होडीखाली एक पाणमांजर, आणि कडेने फिरणारी, कुठेही न तुटणारी वेल. मार्सलीने पाणमांजराच्या शेपटीवर आपला तळवा ठेवून पाहिला. “गार आहे,” ती म्हणाली, आणि पटकन हात आईच्या खिशात घातला.

म्हाताऱ्याचा नवा दगड भिंतीपाशी होता. कारागिराने त्यावर बिनपट्टीची ढाल कोरली होती. त्याची ती होतीच. सगळं रीतसर होतं.

*

पहिली बैठक तीन तास चालली. लॅकलनला सुई बघवत नसे. तो तोंड खिडकीकडे करून बसला आणि तेवढा वेळ बोलत राहिला. गावातले लोक चोर आहेत. फ्लोरी वाड्यातली साखर नेते. म्हाताऱ्याने सगळ्यांना फुकट पोसून लाडावून ठेवलं. इशबेल टोचत राहिली. होडी चांगली उतरली. वेलीत एकही गाठ चुकली नाही. शेवटी तिने सवयीप्रमाणे झटपट फोटो काढला, तो वाळेपर्यंत हलवला, पाठीवर तारीख घातली आणि पत्र्याच्या डब्यात ठेवला.

कातडी भरून यायला तीन आठवडे लागतात. छाया भरायचं काम त्यानंतर.

त्या तीन आठवड्यांत फ्लोरीआजीने वाड्यावरचं एक सांगितलं. म्हातारा तोंडी हुकूम देत नसे. जुन्या पाकिटांच्या पाठीवर पेन्सिलने दोन ओळी लिहून दिवाणखान्याबाहेरच्या टेबलावर ठेवी. ज्याचं काम तो येऊन उचलून नेई. ‘खालच्या कुरणाचं फाटक बांधा.’ ‘उत्तरेची मेंढरं आत घ्या.’

“अजून असतात,” फ्लोरीआजी म्हणाली.

“काय असतात?”

“चिठ्ठ्या.”

“लॅकलन लिहीत असेल.”

“लॅकलन बघतो आणि चुलीत टाकतो. दुसऱ्या दिवशी दुसरी असते.” तिने चहात बिस्किट बुडवलं. “परवा होतं, खालच्या कुरणाचं फाटक बांधा. गड्याने, हेक्टरने, जाऊन बांधलं.”

“आणि हेक्टरने विचारलं नाही, कुणी लिहिलंय?”

“कशाला विचारेल? फाटक सुटलं होतंच की.”

ती हे इतक्या साधेपणाने म्हणाली की इशबेलला हसू आलं. नंतर भांडी विसळताना मात्र तिला जाणवलं की आजी स्वतः हसली नव्हती.

*

ऑक्टोबरच्या सुरुवातीला लॅकलन आला तो बाही वर करूनच. त्याने दार आपटलं.

“हा काय चावटपणा आहे?”

इशबेलने त्याचा हात दिव्याखाली धरला. ढालीच्या माथ्यावर, होडीच्या डोलकाठीच्या जरा वर, एक आडवी रेघ होती. रेघेला खाली तीन दाते.

तिने बोट फिरवलं. खपली नाही, सूज नाही. पण तिचं बोट थांबलं ते रंगापाशी. शाई कातडीत मुरते, वर्षानुवर्षं पसरते, काळीची निळी आणि निळीची हिरवट होते. जुन्या खलाशांच्या हातावर तिने ती शेकड्यांनी पाहिली होती. तिने काढलेली होडी तीन आठवड्यांची होती, काळी आणि कडक. ही पट्टी हिरवट होती, कडांनी फुटलेली. पन्नास वर्षांची तरी असेल.

“हे माझं काम नाही,” ती म्हणाली.

“मग कुणाचं? माझ्या हातावर दुसरं कोण बसलं होतं?”

तिने डबा उघडून फोटो समोर ठेवला. फोटोत ढालीचा माथा कोरा होता. लॅकलनने तो फोटो बराच वेळ पाहिला. मग तो फाडला.

“तुम्ही सगळे एक आहात,” तो म्हणाला. “त्या झाडूवालीने चिठ्ठ्या लिहायच्या आणि तू हे करायचंस. घर सोडावं लागू नये म्हणून. मूर्ख समजता मला?”

“फोटो मी खोटा काढू शकत नाही, मिस्टर लॅकलन.”

“आर्डव्हेन,” तो म्हणाला. “आर्डव्हेन म्हणायचं मला.”

तिने म्हणायचा प्रयत्न केला. खरंच केला, त्याच्या एका शब्दावर तिच्या पोरीचं छप्पर अवलंबून होतं. पण तोंडात शब्द आला आणि ती अडली. मार्सलीने परक्या माणसाला ‘बाबा’ म्हणावं तसं काहीतरी वाटलं. तिने मान खाली घातली आणि सुईत शाई भरली.

ढालीच्या माथ्यावर तिने दाट ठिपक्यांचं आभाळ भरलं. पट्टी त्यात बुडाली. पहिल्यांदा सुई पट्टीवर गेली तेव्हा तिला वाटलं, आपण कातडीवर नाही, एखाद्या थंड पाटीवर टोचतोय. हातमोज्यातूनही तो गारवा बोटांना लागला.

*

ऑक्टोबर सरता सरता मार्सलीचा खोकला उतरला आणि ती शाळेत जायला लागली. इशबेल घरं शोधत होती. कॅम्पबेलटाउनला एक खोली होती, दुकानावरची, भिंतीला ओल असलेली. “पोर किती वर्षांची?” घरमालकिणीने विचारलं, आणि उत्तर ऐकून म्हणाली, “मग नाही हो.” दुसरीकडे सुईचं काम घरात चालणार नाही म्हणाले. परतीच्या बसमध्ये इशबेल काचेला डोकं टेकून मोजत होती ते फक्त दिवस.

ती उतरली तेव्हा लॅकलन तिच्या दारासमोर उभा होता. तीन आठवड्यांत तो खंगला होता. कोट खांद्यांवर सैल झाला होता.

आत आल्यावर त्याने बाही वर केली नाही, उलट दुसऱ्या हाताने घट्ट धरून ठेवली.

“ग्लासगोला जाऊन आलो,” तो म्हणाला. “तिथे यंत्राने पुसतात. डॉक्टर म्हणाला, दोन-तीन वेळा यावं लागेल, पहिल्या वेळी फिकट होईल.”

“झालं?”

त्याने बाही सोडली.

होडी फिकट झाली होती. पाणमांजर नुसतं सावलीएवढं उरलं होतं. वेल, तिची ती न तुटणारी वेल, जागोजाग तुटली होती. ठिपक्यांचं आभाळ गेलं होतं. आणि पट्टी तशीच होती. नाही, तशीच नव्हती. तिचे तीन दाते लांबले होते. मधला डोलकाठीला टेकला होता.

“डॉक्टर काय म्हणाला?”

“म्हणाला, इथे शाईच नाही. म्हणाला, ही जन्मखूण आहे का?” लॅकलन हसला, पण आवाज निघाला नाही. “मी स्वयंपाकघरात जेवतो हल्ली, तुला माहीत आहे? माझ्या स्वतःच्या घरात. टेबलाच्या टोकाची खुर्ची कुणी ओढून ठेवतं. जेवायला बसावं इतकी ओढलेली. मी आत सारतो. सकाळी पुन्हा बाहेर.”

इशबेलला त्या क्षणी त्याची दया आली. तिने किटली ठेवली. तो बसला, आणि चहा समोर येताच त्याचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा कडू झाला. जणू दया त्याने वासावरून ओळखली.

“काळं करून टाक,” तो म्हणाला. “सगळा माथा. ठिपके नाही, रंग. भरीव काळा. आत्ता.”

“कातडी अजून भरलेली नाही. निदान महिनाभर—”

“आत्ता. नाहीतर उद्या सकाळी माणसं येतील आणि तुझ्या डोक्यावरची कौलं उतरवायला घेतील. मार्टिनमसपर्यंत थांबायला मी बांधलेला नाही. कुठे कागद आहे तुझ्याकडे?”

“तुमच्या वडिलांनी शब्द दिला होता.”

“माझे वडील मेले आहेत!”

तो ओरडला. चहाच्या कपात तरंग उठले. दोघांनीही दाराकडे पाहिलं, कुणीतरी त्यावर काही म्हणेल असं वाटून.

“आणि पोरीच्या खोकल्याचं मला सांगू नकोस,” तो हळू आवाजात म्हणाला. “पोरं खोकतात. कुठेही खोकतात.”

इशबेल उठली. तिने हात धुतले, मोजे घातले, नवी सुई लावली. टोपणात काळी शाई ओतली. लॅकलनने हात गादीवर ठेवला आणि तोंड खिडकीकडे केलं. बाहेर दुपारचं स्वच्छ ऊन होतं. आरनचे डोंगर इतके जवळ दिसत होते की हात लावावा.

मशीन गुणगुणायला लागलं.

भरीव काळं करायचं तर आधी कडा आखायच्या. तिने सुई ढालीच्या माथ्याशी आणली.

आणि थांबली.

ती पट्टी तिच्या समोर होती. फुटलेली, हिरवट, कुणीतरी आतून काढलेली. पट्टीचा अर्थ एवढाच: बाप अजून बसलेला आहे. जोवर मी आर्डव्हेन आहे तोवर तुला इथून कुणी हलवणार नाही.

तिच्या धंद्यात एक गोष्ट कुणी करत नाही. गेलेल्या बापाच्या मुलावर पट्टी काढत नाही. चुकूनही नाही. ते खोटं बोलण्याहून वाईट आहे. ते मेलेल्याला धनी म्हणणं आहे. तिच्या गुरूने तिला पहिल्याच वर्षी हे सांगितलं होतं आणि तिने कधी का म्हणून विचारलं नव्हतं.

तिला मार्सलीचे चिमुकले बूट आठवले. दाराशी, एकावर एक पडलेले.

तिने सुई पट्टीच्या डाव्या टोकाला लावली.

रेघ सरळ गेली. खाचेतून जावी तशी. तिला हात टेकवावाही लागला नाही. वरची कड. खालची कड. पहिला दाता.

लॅकलनचा हात ताठ झाला.

“काय करतेयस?”

दुसरा दाता.

“इशबेल. काय करतेयस तू?”

त्याने पहिल्यांदाच तिचं नाव घेतलं होतं. त्याने हात ओढला नाही. ओढता आला असता. ती धरूनही नव्हती.

तिसरा.

ती आत काळं भरत गेली, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. शाई तिथे थांबत होती, पसरत नव्हती. रक्ताचा एक थेंबही आला नाही. मग तिने मशीन बंद केलं.

लॅकलनने तोंड वळवलं. पण त्याने हाताकडे पाहिलं नाही. तो तिच्या खांद्यावरून मागे पाहत होता. उंच माणसाच्या चेहऱ्याकडे पाहावं तसा, वर. मग त्याची नजर सावकाश खाली आली. कुणी खुर्चीत बसत असताना आपली नजर जशी खाली येते, तशी.

इशबेलच्या मागे वाट बघणाऱ्या गिऱ्हाइकाची उंच पाठीची खुर्ची होती. कुणी बसलं की ती करकरते. आता ती करकरली नाही.

“हो, बाबा,” लॅकलन म्हणाला.

तिने मागे पाहिलं नाही.

लॅकलन उठला. बाही खाली केली, मनगटाचं बटण लावलं, लागलंय की नाही ते बघितलं. शाळकरी मुलासारखे त्याने हात मागे बांधले. “आभारी आहे, मॅडम,” तो म्हणाला, आणि दार न वाजवता लावून गेला.

*

तिसऱ्या दिवशी कचेरीचं पत्र आलं. नोटीस रद्द. घरं विकायची नाहीत. इशबेलबाईंनी आणि त्यांच्या मुलीने पूर्वीप्रमाणे राहावं. खाली एकाच शब्दाची सही होती, ‘आर्डव्हेन’, आणि पेन इतकं दाबलेलं होतं की कागद मागून उठला होता.

फ्लोरीआजी ते पत्र घेऊन खोलीभर नाचली. म्हणाली, लॅकलन सुधारला हो, स्वयंपाकघरातच जेवतो पण दिवाणखान्याच्या दारातून जाताना मान लववून जातो. इशबेलने पत्र घडी करून डब्यात ठेवलं. त्या रात्री ती कित्येक आठवड्यांनी सलग झोपली. मार्सलीच्या केसांत नाक खुपसून, तिच्या पाठीवर हात ठेवून, आत खोकला आहे का ते चाचपत. नव्हता.

तिने मनाशी ठरवलं होतं की यावर विचार करायचा नाही. पोर उबेत आहे. बस.

मार्टिनमस शनिवारी आला. सकाळी दहाची वेळ, वारा नाही, समुद्र काचेसारखा. मार्सली अंगणात शिंपले मांडत होती, लाल टोपी घालून. इशबेलने लापशीचं भांडं भिजत घातलं आणि टेबलावर कागद पसरला. खिडकीतून तिला टोपी दिसत होती. तिला खूप दिवसांनी गुणगुणावंसं वाटत होतं.

पुन्हा मान वर केली तेव्हा फाटकाशी लॅकलन उभा होता.

तो आत आला नाही. त्याने फाटक उघडलं, पाठ खांबाला लावली, मान खाली घातली आणि ते धरून ठेवलं. म्हाताऱ्या माणसाला काठी टेकत आत यायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ त्याने ते धरलं. मग बाहेरच राहून ते लावून घेतलं, हात मागे बांधले, आणि समुद्राकडे तोंड करून थांबला.

अंगणात मार्सलीने शिंपल्यांवरून मान वर केली. खूप वर. टोपी मागे घसरली. तिने काहीतरी उत्तर दिलं. थोडं ऐकलं. पुन्हा काही म्हणाली, आणि मोठ्यांशी बोलताना करते तसे पाय जुळवले.

इशबेल दाराकडे धावली. दार उघडायच्या आत मार्सलीच आत शिरली, गाल थंडीने तांबडे, मुठीत एक शिंपला. मागे अंगण रिकामं होतं. फाटकापलीकडे लॅकलन तसाच उभा होता, वाट पाहत.

“आई, मी कुणाची?”

“माझी,” इशबेल म्हणाली. तिने पोरीला उचलून घट्ट धरलं. “माझी गं. अजून कुणाची असणार?”

“मी तेच सांगितलं.” मार्सलीने बाहीने नाक पुसलं. “तर ते म्हणाले, तुझी आई माझी आहे.”

तिने जरा विचार केला आणि आईच्या तोंडाकडे पाहिलं.

“मग मी कुणाची?”